चप्पल, चिठ्ठी आणि मग बॅग

प्रिय पोरी,

तुझा निरोप रात्री पावणेदोनला आला होता, मी सकाळी वाचला. इमारतीतली आगीची घंटा वाजली, तू उठलीस आणि पुढची सहा-सात मिनिटं खोलीच्या मधोमध उभी राहिलीस. हातात लॅपटॉपचा चार्जर, लॅपटॉप मात्र टेबलावरच. खाली पोचलीस तेव्हा पायात काही नव्हतं. कुणाच्या तरी गॅसवर भांडं करपलं होतं, एवढंच निघालं. सगळे हसत वर गेले आणि तुला सकाळपर्यंत झोप लागली नाही. आता तू त्रेसष्ट वस्तूंची यादी केली आहेस आणि विचारतेस, "आत्या, बॅग कुठली घेऊ?"

बॅगेचं नंतर बघू. आधी त्या चार्जरचं.

त्याची लाज वाटून घेऊ नकोस. रोज घराबाहेर पडताना तू तो उचलतेस, म्हणून त्या रात्रीही हात तिकडेच गेला. झोपेतून दचकून उठलेलं डोकं नवं काही ठरवत नाही; जे आधीपासून आत आहे तेच बाहेर काढतं. माझं सगळं सांगणं यातूनच येतं, आणि ते मी तुला कंटाळा येईपर्यंत सांगणार आहे. घाईत ठरवायला काही ठेवू नकोस.

मला हे पुरानं शिकवलं. ती गोष्ट तुला अर्धीच माहीत आहे. घरात ती नेहमी "आत्यानं कशी कागदपत्रं वाचवली" अशी सांगतात. वाचवली हे खरं. पण पाणी पायरीला लागलं तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते आणि आम्ही निघालो साडेबाराला. मधल्या दीड तासात मी काय केलं? मिक्सर माळ्यावर चढवला. गाद्या गुंडाळून टेबलावर टाकल्या. टीव्ही कपाटावर ठेवला, मग तिथून पडेल म्हणून उतरवला आणि गाद्यांवर ठेवला. सासरे दाराशी खुर्ची टाकून बसले होते, अंगात स्वेटर, हातात काठी. दर पाच मिनिटांनी ते "चला ना" म्हणायचे आणि मी "आलेच" म्हणायचे. निघालो तेव्हा बाहेर पाणी गुडघ्यापर्यंत आलं होतं आणि ज्या वाटेनं अकरा वाजता सहज चालत गेलो असतो, तिथून दोघांनी त्यांना उचलून नेलं.

रात्री आसरा मिळाला एका शाळेत. पहाटे सासऱ्यांच्या छातीत दुखायला लागलं. तिथल्या डॉक्टरनं विचारलं, रोज कुठल्या गोळ्या घेतात? मी म्हटलं, एक पांढरी, छोटी. आणि एक गुलाबी, जेवणाआधीची. डॉक्टर कसला, तुझ्याच वयाचा पोरगा होता तो. रागावला नाही. लिहायला उचललेलं पेन त्यानं नुसतं खाली ठेवलं.

त्यातली एक गोळी रक्त पातळ करणारी होती, हे कळायला दोन दिवस गेले. सासरे वाचले, पुढे नऊ वर्षं होते, या गोष्टीवरून मला कधी एक शब्द बोलले नाहीत. गोळ्यांचा डबा फ्रिजवर होता. दीड तास मी त्या फ्रिजसमोरून ये-जा करत होते.

तेव्हा तुझ्या त्रेसष्ट वस्तूंच्या आधी एक चिठ्ठी. आज रात्रीच लिही, उद्या नाही. तुझी रोजची औषधं, नावानिशी, किती मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा. ॲलर्जी असेल तर ती. आणि पाच फोन नंबर. "सगळं मोबाइलमध्ये आहे" असं म्हणशील, माहीत आहे मला. मोबाइल बंद पडला, भिजला, गर्दीत हातातून पडला, मग? आईचा नंबर तोंडपाठ सांग बरं. बघ, अडखळलीस. त्या पाचांत एक माणूस दुसऱ्या गावचा असू दे. मोठ्या संकटात एकाच गावातल्या गावात फोन लागत नाहीत, बाहेरगावी मात्र पुष्कळदा लागतो. घरातल्या सगळ्यांनी त्या एकालाच कळवायचं, "मी अमुक ठिकाणी आहे, ठीक आहे." आणि फोन लावत बसण्यापेक्षा साधा मेसेज टाकायचा. जाळ्यावर ताण असला की कॉल तुटतो, मेसेज थांबत थांबत का होईना, जातो.

मग चप्पल. हसू नकोस. भूकंप झाला, खिडकी फुटली, रात्री वीज गेली, काहीही झालं तरी पहिली जखम पुष्कळदा तळपायाला होते, आणि ज्याचा पाय कापला त्याला चार जिने दुसऱ्यानं उतरवावं लागतं. पलंगाखाली हाताला लागेल अशा जागी बंद बूट आणि त्यातल्या एकात छोटी बॅटरी. मी गेली कित्येक वर्षं असं झोपते. तुझे काका थट्टा करतात, करू देत.

आता खरा प्रश्न, जो तू विचारलाच नाहीस. निघायचं कधी?

सामान सगळेच भरतात गं, हे मात्र कुणी ठरवत नाही. आम्ही त्या रात्री "बघू, अजून थोडं वाढलं तर निघू" म्हणत होतो. थोडं म्हणजे किती, हे कुणालाच सांगता आलं नसतं. वाढणाऱ्या पाण्याकडे बघत बसलेल्या माणसाला ते नेहमी "अजून थोडंच" वाटतं. वेगानं वाहणारं पाणी 15 सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम घोट्याच्या वर असलं, तरी धडधाकट माणसाचा पाय उचलू शकतं. 30 सेंटिमीटर झालं की लहान गाडी वाहून जाऊ शकते. आणि आम्ही गुडघाभर पाण्यातून म्हाताऱ्या माणसाला घेऊन गेलो! निभावलं ते नशिबानं, आमच्या हुशारीनं नव्हे. म्हणून खूण आधी ठरवायची. पाणी अमुक पायरीला लागलं की निघायचं. इशारा आला की निघायचं. धुराचा वास किंवा घंटा, यातलं एकही आलं की निघायचं, खिडकीतून डोकावून खात्री करत बसायचं नाही. खूण दिसली की चर्चा बंद.

सुमात्राच्या पश्चिमेला सिमेउलूए नावाचं बेट आहे. 1907 साली तिथे त्सुनामी आली आणि पुष्कळ माणसं गेली. उरलेल्यांनी ती आठवण गोष्टींत, गाण्यांत घालून नातवंडांना दिली. तिला ते "स्मोंग" म्हणतात. जमीन जोरात हलली आणि समुद्र मागे गेला, तर डोंगराकडे पळ, बस, एवढंच तिचं सांगणं. 26 डिसेंबर 2004 ला भूकंपाच्या केंद्राच्या इतक्या जवळ असूनही त्या बेटावर समुद्रानं घेतलेले बळी बोटांवर मोजण्याइतके होते. त्यांच्याकडे भोंगे नव्हते, ॲप नव्हतं. निर्णय मात्र 97 वर्षांपूर्वीच घेऊन ठेवलेला होता. त्या सकाळी फक्त पळायचं उरलं होतं.

आता एका गोष्टीत माझी बाजू ऐक, कारण तुझ्या आईनं तुला ती गोष्ट तिच्या बाजूनं सांगितली असणारच. पुरानंतर चार वर्षांनी मी एका संध्याकाळी इशारा ऐकून सगळ्यांना घराबाहेर काढलं. पोरांची परीक्षा होती. रात्रभर एका ओळखीच्या घरी दाटीवाटीनं बसलो आणि पाणी आलंच नाही. सकाळी परतलो तर शेजारी दारात उभे राहून म्हणाले, "काय, झाली सहल?" त्यावर घरात आठवडाभर अबोला. मी चुकले का? अजिबात नाही. इशारा ही ठरलेली खूण होती, ती मिळाली, निघालो. पुढे पाणी आलं नाही, हा पाण्याचा विषय. दहा वेळा उगाच निघाले तर दहा रात्री जातील. एकदा न निघता फसले तर काय जाईल, ते मी त्या शाळेच्या फरशीवर बसून पाहिलं आहे. अजूनही कुणी "सहल" म्हटलं की माझ्या कपाळावर आठी पडते, हेही मान्य करते. जाऊ दे. मुद्दा तुझा आहे, माझा नाही.

तू लिहिलंस, "खोलीतली मैत्रीण रात्रपाळीला होती, तिला शोधायला जायला हवं होतं का, कळेना." हे फार महत्त्वाचं आहे, आणि यालाही तेच उत्तर, घाईत ठरवायला ठेवायचं नाही. जपानच्या किनाऱ्यावर "तेंदेन्को" असा एक शब्द आहे. ज्यानं त्यानं आपापलं उंचावर पळायचं, एकमेकांसाठी थांबायचं नाही. ऐकायला निष्ठुर वाटतो. पण त्याच्या पोटात विश्वास आहे. तू पळशील याची मला खात्री असेल तरच मी तुला शोधायला मागे फिरणार नाही. 2011 च्या त्सुनामीत कामाइशी शहरातली जवळजवळ 3,000 शाळकरी मुलं वाचली. त्यांना शाळेत हेच शिकवलं होतं, आणि मोठ्या मुलांनी जाताजाता लहानांचे हात धरले. तेव्हा या रविवारी मैत्रिणीला समोर बसव. भेटायची जागा एक इमारतीसमोर आणि एक जरा लांब, कारण समोरचा रस्ताच बंद झाला तर? जी आधी पोचेल ती थांबेल आणि अग्निशमनवाल्यांना सांगेल की दुसरी कुठे आहे. आत कुणीही जाणार नाही. हे एकमेकींना मोठ्यानं म्हणा. मनात धरलेलं मोजत नाहीत.

आणि ज्या घरात चालता न येणारं माणूस आहे तिथे हा नियम पुरत नाही. तिथे त्या माणसाला कोण उचलणार, तो नसला तर दुसरा कोण, हे नावानिशी ठरलेलं लागतं. आमच्याकडे ते ठरलेलं नव्हतं.

आता तुझी यादी. तिच्यात दोन वेगळ्या याद्या एकमेकींत घुसल्या आहेत, म्हणून ती त्रेसष्टवर गेली. एक, घरातच अडकून राहायची वेळ आली तर. दुसरी, दोन मिनिटांत निघायचं असेल तर. पहिलीत पाणी येतं, माणशी दिवसाला तीन-चार लिटर, निदान तीन दिवसांचं. न शिजवता खाता येईल असं अन्न. वीज गेली की फ्रिजचं दार उघडू नकोस. बंद राहिला तर आतला गारवा साधारण चार तास टिकतो. आणि कितीही थंडी असो, कोळशाची शेगडी किंवा जनरेटर घरात, गॅलरीत लावायचा नाही. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. वादळातून वाचलेली माणसं त्यानं झोपेत जातात. हे सगळं कपाटात असू दे, पाठीवर नको.

दुसरी यादी तुझ्या हातांनी अंधारात जिना उतरवता येईल एवढीच. चिठ्ठी, आठवड्याची औषधं, चष्मा, कागदपत्रांच्या प्रती, थोडे सुटे पैसे, पाण्याची बाटली, शिट्टी, पॉवरबँक. पॉवरबँक पडून पडून उतरते, म्हणून वाढदिवसाला आणि त्यानंतर सहा महिन्यांनी चार्ज करायची, त्याच दिवशी औषधांच्या तारखा बघायच्या. बॅग कुठलीही चालेल. शाळेतली जुनी आहे ना, तीच घे.

आणि ती बॅग दारापाशी असेल तरच. आग लागली आणि बॅग आतल्या खोलीत असेल, तर ती तुझी नाही असं समज. 2 जानेवारी 2024 ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर उतरणाऱ्या विमानाची धावपट्टीवर दुसऱ्या विमानाशी टक्कर झाली. त्या प्रवासी विमानात 379 माणसं होती. विमान जळून खाक झालं, माणसं सगळी बाहेर आली. हातातलं सामान तिथेच सोडून आली. विमानाला मंजुरी देताना भरलेलं विमान निम्म्याच दारांतून 90 सेकंदांत रिकामं होतं हे दाखवावं लागतं, आणि त्या हिशेबात वरच्या कप्प्यातली बॅग काढणाऱ्याला जागाच नाही.

तू चौथ्या मजल्यावर राहतेस म्हणून एवढं. एकदा भरदिवसा जिन्यानं खाली उतर, डोळे मिटून, कठड्याला हात लावून, किती वळणं आहेत ते मोज. लिफ्ट नाही. दार उघडण्याआधी हाताची मागची बाजू लावून बघ; तापलं असेल तर उघडू नकोस. धूर असेल तर खाली वाकून जा, आणि बाहेर पडल्यावर दार मागे ओढून घे. बंद दार आगीला बराच वेळ अडवतं. हे वाचून ठेवू नकोस, करून बघ. करताना वेडेपणा वाटेल. शेजाऱ्यांनी विचारलं तर सांग, आत्यानं सांगितलंय.

सासऱ्यांच्या गोळ्यांची चिठ्ठी मी शाळेतून परतल्यावर लिहिली. ते गेल्यालाही आता बरीच वर्षं झाली. चिठ्ठी अजून माझ्या पाकिटात आहे, घड्यांवर फाटलेली. तुझे काका म्हणतात, आता फेकून दे.

तुझी लिहून झाली की फोटो पाठव. चिठ्ठीचा, बॅगेचा नको.

तुझी,
आत्या