गॅप इयर घेण्याआधी तारीख बघा

ताई, तुमची लेक यंदा ए-लेव्हलला (ब्रिटनमधली बारावीसारखी परीक्षा), तिचं टेनिसचं रेटिंग यूटीआर ८ च्या आसपास, आणि अमेरिकेतल्या कॉलेजांत टेनिससाठी प्रवेश मिळवून देणाऱ्या एका एजन्सीने "वर्षभर थांबा, भरपूर स्पर्धा खेळू द्या, रेटिंग वाढलं की मोठं कॉलेज मिळेल" असं सांगितलंय, हे तुमच्या पोस्टमध्ये वाचलं आणि हातातलं काम टाकून लिहायला बसले. २०२२ साली आमच्या मुलाच्या वेळी आम्हालाही जवळजवळ याच शब्दांत सांगितलं होतं. एजन्सी वेगळी असेल, सल्ला तोच.

व्हिडिओ कसा करायचा, प्रशिक्षकांना ईमेल कधी टाकायचे हे तुम्हाला ठाऊक असणार. मला फक्त तारखेबद्दल सांगायचंय.

अमेरिकेत कॉलेजचे खेळ चालवणारी संघटना म्हणजे एनसीएए. तिच्या डिव्हिजन १ मध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या श्रेणीत, टेनिसचा नियम बहुतेक खेळांपेक्षा कडक आहे. इतरांना शाळा संपल्यावर वर्षभराची सवलत असते, टेनिसला सहाच महिने. त्या सहा महिन्यांत, किंवा ते संपल्यावर जे पहिलं सत्र सुरू होईल त्यात, पूर्णवेळ प्रवेश घ्यावा लागतो. तो न घेता मूल स्पर्धा खेळत राहिलं तर कॉलेजसाठी खेळता येणाऱ्या सीझनमधून एक वजा होतो, आणि प्रवेश घेतल्यावर पहिलं पूर्ण वर्ष संघाकडून एकही मॅच खेळता येत नाही. निदान आमच्या वेळी नियम असा होता. फुटबॉल खेळणाऱ्या मुलांच्या पालकांनी "आमच्याने गॅप इयर घेतलं, काही झालं नाही" असं सांगितलं तर ते खरंच सांगत असतात, पण ते टेनिसला लागू नाही.

मुलाची शेवटची परीक्षा जून २०२२ मध्ये झाली. म्हणजे डिसेंबरला मुदत संपली. एका छोट्या विद्यापीठाचे प्रशिक्षक त्याला जानेवारी २०२३ च्या सत्रात घ्यायला तयार होते. तेवढ्यात गेला असता तर नियमात बसला असता. एजन्सीने सांगितलं की घाई करू नका, याहून चांगलं मिळेल. आम्ही त्या प्रशिक्षकांना नकार कळवला. फेब्रुवारी ते मे मुलगा ट्युनिशियात मोनास्तिरला आणि इथे ब्रिटनमध्ये स्पर्धा खेळला, पदरचे पैसे घालून. ऑगस्टमध्ये खरंच मोठ्या विद्यापीठात गेला. तिसऱ्या आठवड्यात त्याच्या पात्रतेचा निर्णय आला: एक सीझन गेला, वर्षभर बसायचं.

एजन्सीला फोन केला. पात्रता हा खेळाडू आणि विद्यापीठ यांच्यातला विषय आहे, करारात तसं लिहिलंय, असं उत्तर मिळालं. लिहिलं होतं, अगदी शेवटच्या पानावर. फीचा एक पौंड परत आला नाही. पैशांचं दुःख तरी विसरले. पण जानेवारी ते मे, दर आठवड्याला संघाच्या मॅच, आणि हा कोर्टाच्या कडेला उभा. सराव सगळ्यांबरोबर करायचा, स्कॉलरशिपही चालू होती, फक्त खेळायचं नाही. तिथे आधी दुहेरीच्या तीन मॅच होतात, दोन जिंकणाऱ्या संघाला एक गुण मिळतो, मग एकेरीच्या सहा. त्या दुहेरीच्या वेळी जो आरडाओरडा चालतो तो फोनवर ऐकू यायचा. मार्चपर्यंत त्याने मॅचच्या दिवशी फोन करणंच बंद केलं. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला दुसऱ्यांच्या चुकीपायी असं उभं राहावं लागलं याचा राग मला आजही येतो. असल्या माणसांना पालकांकडून पैसे घेण्याचा काय अधिकार आहे?

माझं मत विचाराल तर रेटिंगसाठी थांबूच नका. मुलं तिथे जाऊन वाढतात. इंग्लंडमधल्या हल शहराचा पॉल जब साउथ कॅरोलायना विद्यापीठात शिकत असताना २०१९ मध्ये एनसीएए एकेरी जिंकला, असं करणारा तो पहिला ब्रिटिश. कॅमरन नॉरी आणि जेकब फर्नली हे आपले ब्रिटिश खेळाडू, दोघेही टेक्सस ख्रिश्चन विद्यापीठातून आले. आणि मोठ्या नावाचाच हट्ट धरू नका. ब्रिटनचाच हेन्री पॅटन नॉर्थ कॅरोलायनातल्या अ‍ॅशव्हिलच्या विद्यापीठात शिकला, टेनिसच्या दिग्गज विद्यापीठांत ते नाव कोणी घेत नाही. २०२४ मध्ये तो विम्बल्डनची दुहेरी जिंकला.

अर्थात मी आई आहे, वकील नाही. नियम बदलत असतात, सध्या तर फारच. कॉलेज खेळाडूंच्या मोबदल्यावरून झालेल्या २०२५ च्या न्यायालयीन समझोत्यानंतर, तो स्वीकारलेल्या विद्यापीठांत टेनिसचा संघ १० जणींचाच, म्हणून उशिरा विचारलं तर जागाच नसते. डिव्हिजन २ (एनसीएएचीच खालची श्रेणी) आणि एनएआयए (कॉलेज खेळांची दुसरी, छोटी संघटना) यांचे नियम वेगळे आहेत. तेव्हा माझ्या शब्दावर जाऊ नका. ज्या विद्यापीठाशी बोलताय तिथल्या कम्प्लायन्स ऑफिसला, म्हणजे खेळाडू नियमात बसतात का हे बघणाऱ्या कचेरीला, लेखी विचारा: लेकीची शाळा संपल्याची तारीख तुम्ही कोणती धरता, आणि त्यानंतर ती कोणत्या दिवसापर्यंत स्पर्धा खेळू शकते? फोनवरचं उत्तर धरू नका, ईमेलच हवा. जीसीएसईनंतर (इथली सोळाव्या वर्षीची परीक्षा) शाळा सोडून अकॅडमीत गेलेल्या मुलांनी तर हा प्रश्न सगळ्यात आधी विचारावा.

जाता जाता आणखी दोन गोष्टी. ए-लेव्हलला पीई (शारीरिक शिक्षण) असेल तर तो विषय एनसीएएच्या १६ मुख्य विषयांत मोजत नाहीत, जीसीएसईचे इंग्लिश, गणित, विज्ञान मात्र मोजतात. ती मूळ प्रमाणपत्रं आत्ताच शोधून ठेवा, शाळा सोडल्यावर नक्कल मिळवायला वेळ लागतो. आणि स्कॉलरशिपचा करार किती वर्षांचा, दुखापत झाली तर पैसे चालू राहतात का, हे सही करण्याआधी विचारा. पूर्वीचं लेटर ऑफ इंटेंट (त्याच कॉलेजात येणार असं सही करून देण्याचा कागद) २०२४ मध्ये बंद झालं, आता जे काही आहे ते त्या करारातच.

लेकीची परीक्षा येत्या जूनमध्ये असेल तर ऑगस्ट आणि जानेवारी, दोन्ही सत्रं तुमच्या हातात आहेत. जानेवारीत जागा असलेले प्रशिक्षक असतात, कोणी जखमी होतं, कोणी संघ बदलतं. या आठवड्यातच आठ-दहा जणांना विचारा. एजन्सीला पैसे दिले नसतील तर थांबवा. दिले असतील तर "गॅप इयर घेतल्याने पात्रतेला धक्का लागणार नाही" एवढं एक वाक्य त्यांच्याकडून लिहून मागा, आणि काय उत्तर येतं ते इथे टाका. मी बघत राहीन.