मुलगी खोलीतून बाहेर पडत नाही; तिला ग्रंथालयात पाठवू का?

‘मॅडम, मुलगी नववीत आहे. शाळेतून आली की दार लावून घेते. मैत्रिणी नाहीत, खेळ नाही, बोलणे नाही. आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात मोठ्या मुलांसाठी काही उपक्रम सुरू झाले आहेत म्हणे. तिथे पाठवू का? ती नाही म्हणाली तर जबरदस्ती करू का? आणि पुढच्या वर्षी दहावी आहे, त्यात वेळ तर वाया जाणार नाही ना?’

ऑगस्ट महिन्यात माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेल्या एका आईचे हे तीन प्रश्न. शब्द थोडे बदलतात, पण किशोरवयीन मुलांचे पालक मला वर्षभर हेच विचारतात. म्हणून त्या मुलीची हकिगत तिच्या व तिच्या आईच्या संमतीने, ओळख पटेल असे तपशील बदलून, येथे मांडत आहे.

वडिलांची बदली झाल्यामुळे हे कुटुंब जून महिन्यात सिंधुदुर्गातून देशावरच्या एका तालुक्याच्या गावी आले होते. मुलगी चौदा वर्षांची. पहिल्या भेटीत मी आईला बाहेर बसायला सांगितले आणि मुलीला आधी स्पष्ट केले की तू येथे जे बोलशील ते माझ्याकडेच राहील. केवळ तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल तरच मी ते तुझ्या आईवडिलांना सांगेन, आणि तेही तुला कळवून. झोप, भूक, अभ्यासातले लक्ष, जगणे नकोसे वाटते का, कुणी त्रास देते का, हे सर्व मी एकेक करून विचारले. ग्रंथालयाचा विचार त्यानंतरचा. ज्या मुलाला खरोखर नैराश्याने घेरले आहे, त्याला उपक्रमात नेऊन बसवणे हा उपचार नव्हे, आणि हा फरक पाहिल्यावाचून कुणालाही सरसकट सल्ला देऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

तिचे खाणेझोपणे बरे होते. जुन्या मैत्रिणीशी ती फोनवर तासभर बोलत असे, हसत असे. अडचण दुसरीच होती. शाळेच्या पहिल्या आठवड्यात वर्गात उत्तर देताना तिच्या तोंडून ‘कुठे’ऐवजी ‘खंय’ हा मालवणी शब्द गेला आणि वर्ग हसला. नंतर तिच्या बोलण्यातल्या हेलाची नक्कल होऊ लागली. ‘मी तोंड उघडले की सगळे हसतात, म्हणून मी उघडतच नाही,’ असे ती म्हणाली. तिच्या परवानगीने मी वर्गशिक्षिकांशी बोलले. त्यांनी नक्कल थांबवली. पण हसणे थांबले म्हणून जीभ लगेच मोकळी होत नाही.

ग्रंथालय सुचले ते येथे. आपल्याकडे रत्नागिरीचे वाचनालय १८२८ साली निघाले, पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ साली. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानंतर ही व्यवस्था खेड्यापाड्यांत पोहोचली आणि आज शासनमान्य ग्रंथालये ११ ते १२ हजारांच्या घरात आहेत. तरीही तेरा ते सतरा या वयाच्या मुलांना त्यांत हक्काची जागा क्वचितच असते. बालविभागात गोष्टींची चित्रमय पुस्तके आणि बुटकी टेबले असतात. तेथे बसायला आठवीच्या मुलाला लाज वाटते. दुसऱ्या टोकाला अभ्यासिका असते, तेथे स्पर्धा परीक्षा देणारे तरुण मान वर न करता वाचत असतात. वृत्तपत्र विभाग ज्येष्ठांचा. या सर्वांच्या मध्ये आपले किशोरवयीन मूल कुठे बसणार, याचा विचार ज्या थोड्या ग्रंथालयांनी केला आहे, त्यांच्याविषयी मला मनापासून आदर वाटतो. या गावच्या ग्रंथपाल बाई त्यांपैकीच होत्या. तुटपुंज्या मानधनावर, एक लिपिक आणि एक शिपाई यांच्या मदतीने काम करत असतानाही त्यांनी दर शनिवारी दुपारी दोन तास आठवी ते दहावीच्या मुलांसाठी राखून ठेवले होते.

सुरुवातीला माझ्याकडून चूक झाली, ती सांगायला हवी. १५ ऑक्टोबर हा डॉ. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस. राज्यात तो वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी ग्रंथालयात मुलांचे अभिवाचन होते. मी आईला सुचवले की हिने एक लहानसा उतारा वाचावा, आत्मविश्वास वाढेल. मुलगी तयार झाली, कारण मोठ्यांना नाही म्हणण्याची तिला सवय नव्हती. त्या दुपारी तिच्या पोटात दुखू लागले आणि ती अर्ध्या रस्त्यातून घरी परतली. ज्या गोष्टीची भीती बसली आहे तीच मी तिच्यापुढे पहिली पायरी म्हणून ठेवली होती. बोलण्यावर हसले जाण्याची धास्ती घेतलेल्या मुलीला थेट व्यासपीठावर उभे करायचे नसते. व्यासपीठ आलेच तर अगदी शेवटी यावे, आणि कधी आले नाही तरी काही बिघडत नाही.

यानंतर ग्रंथपाल बाई, मुलगी आणि मी अशा तिघींनी बसून पुन्हा ठरवले. मी त्यांना शिकागोच्या सार्वजनिक ग्रंथालयाचे उदाहरण सांगितले. तेथे २००९ साली किशोरवयीन मुलांसाठी ‘यूमीडिया’ नावाचे स्वतंत्र दालन सुरू झाले. संशोधक मिमी इटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांच्या शिकण्याच्या रीतींचा जो अभ्यास केला होता, त्याचा आधार या दालनाला आहे. मुले आधी नुसती एकत्र वावरतात, मग हाती येईल ते हाताळून पाहतात, आणि त्यांतली काही पुढे एखाद्या गोष्टीत झपाटून शिरतात. तेथील साधनसामग्री आपल्या तालुक्याच्या ग्रंथालयात येणार नाही, पण हा क्रम उचलायला पैसा लागत नाही. आम्ही ठरवले की मुलीने पहिले तीन शनिवार काहीही न करता यावे, हवे तिथे बसावे, आणि तिला कुणी ‘काय वाचतेस’ असे विचारू नये.

दिवाळी जवळ आली आणि ग्रंथालयात दिवाळी अंकांचे गठ्ठे येऊ लागले. ज्यांनी हे पाहिले आहे त्यांना त्या दिवसांतली धावपळ ठाऊक असेल. १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाने पहिला दिवाळी अंक काढला. तेव्हापासून ही परंपरा अखंड चालू आहे, आणि अनेक ग्रंथालये ठराविक वर्गणीत सभासदांना सर्व अंक आळीपाळीने देण्याची योजना चालवतात. प्रत्येक अंकावर शिक्का मारायचा, क्रमांक घालायचा, नोंद करायची, वरून जाड कागदाचे वेष्टन चढवायचे. हे काम ग्रंथपाल बाईंनी शनिवारच्या मुलांकडे सोपवले. आमची मुलगी शिक्क्यावर बसली, तिच्या शेजारची दहावीतली मुलगी क्रमांक घालत होती. दोघींचे डोळे अंकांवर, हात कामात. ‘शिक्का वाकडा आला,’ ‘राहू दे, चालतो,’ एवढ्यावर त्या दिवसाचे बोलणे संपले. परंतु चार महिन्यांत समवयस्क मुलीशी समोरासमोर झालेले ते तिचे पहिले संभाषण होते.

समुपदेशनाच्या खोलीत मी जे अनेकदा घडवू शकत नाही ते अशा कामात का घडते, हे पालकांनी समजून घ्यावे असे मला वाटते. समोरासमोर बसून बोला म्हटले की या वयाच्या मुलाला आपली परीक्षा चालली आहे असे वाटते. शेजारी बसून हात चालू असताना बोलणे आपोआप येते, आणि नाही आले तरी ती शांतता अवघड वाटत नाही. डेसी आणि रायन या मानसशास्त्रज्ञांनी माणसाच्या आंतरिक प्रेरणेसाठी तीन गरजा मूलभूत मानल्या आहेत: आपला निर्णय आपण घेतो आहोत, आपल्याला काहीतरी जमते आहे आणि आपण कुणाचे तरी आहोत. शाळेत या तिन्हींवर गुणांचे सावट असते. ग्रंथालयात कुणी गुण देत नाही. शिवाय तेथे खोटे काम द्यावे लागत नाही. मुलांनी ते अंक तयार केले नसते तर सभासद खरोखरच खोळंबले असते, आणि मुलांना हे बरोबर कळते.

नोव्हेंबरअखेर एक अडथळा आला. आईने शनिवारी जाऊन मुलीचा काम करतानाचा फोटो काढला आणि ‘आमची मुलगी वाचनालयात’ असे लिहून नातेवाइकांच्या समूहावर टाकला. त्यावर शाबासकीचे संदेश आले. मुलगी पुढचे दोन शनिवार गेली नाही. आईला वाईट वाटले, कारण तिच्या मनात केवळ आनंद होता. मी त्यांना म्हटले, ‘ताई, ती जागा तिला मिळाली आहे ती कुणी पाहत नाही म्हणून. तुम्ही तिला विचारून फोटो मागा, आणि ती नाही म्हणाली तर ते नाही मान्य करा.’ आईने मुलीची माफी मागितली. तिसऱ्या शनिवारी ती पुन्हा गेली. ‘आज किती पाने वाचलीस?’ हा प्रश्नही आईने प्रयत्नपूर्वक सोडला.

हिवाळ्यात ही मुले पुस्तकांच्या पाठीवर वर्गांक, म्हणजे विषयानुसार ठरलेला क्रमांक, चिकटवू लागली. मराठी कादंबरीचा दशांश वर्गांक ८९१.४६३ असतो, हे तिने मला एका भेटीत आपणहून सांगितले. तिने आपणहून काही सांगण्याची ती पहिली वेळ. मी वहीत त्या तारखेभोवती वर्तुळ केले.

फेब्रुवारीत, २७ तारखेच्या मराठी भाषा गौरव दिनासाठी काय करावे यावर मुलांची चर्चा चालू असता ग्रंथपाल बाईंनी सुचवले की प्रत्येकाने आपल्या घरात बोलले जाणारे, पुस्तकात सहसा न सापडणारे शब्द कार्डांवर लिहून आणावेत. स्थानिक मुलांनी ‘हीर’ आणि ‘कोरड्यास’ आणले. आमच्या मुलीने आजीला फोन करून साठ कार्डे भरली: बाव, खळा, चेडू (मुलगी), झील (मुलगा). सर्वांत वर ‘खंय’ हे कार्ड होते. विहिरीला येथे ‘हीर’ आणि तिकडे ‘बाव’ म्हणतात, हे शेजारी शेजारी लावलेले पाहून वर्गात नक्कल करणारा एक मुलगाही थांबला आणि त्याने ‘खळा म्हणजे काय?’ असे विचारले. तिने त्याला घरापुढचे शेणाने सारवलेले अंगण समजावून सांगितले. व्यासपीठ नव्हते, ध्वनिवर्धक नव्हता. एका वृद्ध सभासदांनी तिला आणखी तीन शब्दांचे अर्थ विचारले आणि त्यांनाही तिने उत्तरे दिली.

आता आईच्या तीन प्रश्नांकडे येते. पाठवावे का? होय, पण आधी स्वतः जाऊन पाहावे. मुले बसतात ती खोली उघडी आहे का, जबाबदार मोठी व्यक्ती पूर्ण वेळ तेथे असते का, कार्यक्रमात केवळ भाषणे आणि स्पर्धा आहेत की मुलांच्या हाताला काम आहे, हे विचारावे. ग्रंथपालांवर आधीच कामाचा भार असतो, म्हणून तक्रारीच्या नव्हे तर विनंतीच्या सुरात बोलावे. जेथे असा उपक्रम नाही तेथे दोन-तीन पालकांनी मिळून शनिवारी आळीपाळीने थांबण्याची तयारी दाखवली, तर कार्यकारी मंडळ सहसा आडकाठी करत नाही, असा माझा अनुभव आहे.

जबरदस्ती करू नये. पण ‘तुला वाटेल तेव्हा जा’ असे म्हणून सोडूनही देऊ नये, कारण घाबरलेल्या मुलाला तसे कधीच वाटत नाही. ‘तीन वेळा जाऊन पाहा, मी बाहेर थांबते, नंतर तू ठरव,’ असे म्हणावे आणि नंतरचे तिचे ठरवणे खरोखर मानावे. मात्र मूल दोन आठवड्यांहून अधिक काळ सतत उदास असेल, झोप किंवा जेवण बिघडले असेल, आवडत्या गोष्टीही नकोशा झाल्या असतील, तर ग्रंथालयाची वाट न पाहता मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. आणि मूल मरणाची भाषा बोलत असेल किंवा स्वतःला इजा करून घेत असेल तर एक दिवसही थांबू नये. टेलि-मानस या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि त्यासाठी शुल्क नाही.

राहिला दहावीचा प्रश्न. जूनमध्ये आईने तो पुन्हा काढला: आता शनिवार बंद करू का? मी म्हटले, हे मला नका विचारू, तिला विचारा. मुलगी माझ्यासमोरच आईकडे वळून म्हणाली, ‘आई, दोन तासांऐवजी एकच तास जाईन. पण बंद नको. बेळगावहून एक मुलगा नवीन आलाय, तो कुणाशी बोलत नाही. त्याला मी शिक्क्यावर बसवलंय.’