सारखे धक्के बसत असताना वर्षानुवर्षांचं ध्येय धरून कसं ठेवायचं?

तुम्ही विचारलंय की काही वर्षांपूर्वी एक ध्येय ठरवलं, मेहनतीत कसूर केली नाही, तरी दरवेळी काहीतरी आडवं येतंय. कधी पैसा, कधी आजारपण, कधी थोडक्यात हुकलेली संधी. घरचे म्हणतात आता पुरे, आणि तुम्हालाही कळेनासं झालंय की ही चिकाटी आहे की नुसता हट्ट.

मी कोल्हापूरची. बँकेत नोकरी करते आणि दहा मीटर एअर रायफल मारते. कॉलेजात असताना ठरवलं होतं की एकदा तरी राष्ट्रीय स्पर्धेत उभं राहायचं. ते जमलं, पण चाळिशी दिसायला लागल्यावर. मधल्या काळात लग्न, बदली, बाळंतपण, सासूबाईंचं आजारपण, सगळं झालं. त्यामुळे तुमच्या प्रश्नाला पुस्तकातलं उत्तर देत नाही, रेंजवर शिकलेलं सांगते.

एअर रायफलचं टार्गेट बघितलंय का कधी? मध्ये जो दहाचा ठिपका असतो तो अर्ध्या मिलिमीटरचा. पेन टेकवल्यावर उमटतो तेवढाच. आपला छर्रा साडेचार मिलिमीटरचा. दहा मीटरवरून, उभं राहून, तो ठिपका उडवायचा. अगदी मधोमध लागला तर 10.9 मिळतात. सुरुवातीला मी प्रत्येक शॉटनंतर आकडा बघायची आणि आकडा वाईट आला की खचायची. सरांनी एक दिवस टार्गेटचा कागदच हातात दिला आणि म्हणाले, "आकडा नंतर बघ गं, आधी ग्रुप बघ."

ग्रुप म्हणजे सगळ्या छर्‍यांची भोकं मिळून झालेला आकार. भोकं एकमेकांना चिकटून आहेत पण सगळी डावीकडे गेलीत, तर नेमबाज चांगला आहे, साइट, म्हणजे रायफलवरचं नेम धरायचं साधन, सरकलेली आहे. दोन क्लिक फिरवले की काम झालं. भोकं चारी दिशांना विखुरलीत, तर साइटला हात लावायचा नाही. तिथे उभं राहणं, श्वास, ट्रिगर, यातलं काहीतरी पक्कं नाही आणि त्यावर महिनोन्‌महिने काम करायला लागतं. आणि सगळा ग्रुप सुरेख असून एकच भोक लांब पडलंय, तर तो फ्लायर. फ्लायरसाठी काहीही बदलायचं नसतं. पुढचा शॉट घ्यायचा.

तीन वेगळी अपयशं, तीन वेगळे उपाय. पण आकडा तिन्ही वेळा सारखाच वाईट दिसू शकतो. म्हणून नुसत्या आकड्याकडे बघणारा माणूस फ्लायर पडला तरी साइट फिरवतो, आणि पाया कच्चा असतानाही साइटच फिरवत बसतो. मला वाटतं, लांबच्या ध्येयात माणसं खचतात ती बहुतेकदा इथेच. धक्का बसला की प्रश्न पडतो, "मी या लायकीचा आहे का?" या प्रश्नाला उत्तर नसतं, त्यातून फक्त झोप उडते. "नेमकं काय चुकलं आणि याआधी चुकलं तेही हेच होतं का?" याला उत्तर असतं.

माझंच सांगते. 2018 पासून महिलांच्या एअर रायफलमध्ये 40 शॉट्सऐवजी 60 शॉट्स झाले, पुरुषांइतकेच. नियम रास्तच होता. मुलगी लहान होती, सराव नुकताच पुन्हा सुरू केलेला, आणि राज्य स्पर्धेत माझा स्कोअर घसरायला लागला. वाटलं, वय झालं, संपलं आता. मग एका रविवारी सगळ्या स्कोअरशीट समोर मांडल्या आणि दहा-दहा शॉट्सच्या सिरीज वेगवेगळ्या लिहून काढल्या. पहिल्या चार सिरीज पूर्वीपेक्षा चांगल्या होत्या. मार खात होते ती पाचवी आणि सहावी. म्हणजे नेम गेला नव्हता, पाय दमत होते. कॅनव्हासचं ते जाड, ताठ जॅकेट आणि तसलीच पँट चढवून सव्वा तास एका जागी उभं राहायला वेगळी ताकद लागते आणि ती मी कधी कमावलीच नव्हती, कारण आधी गरजच पडली नव्हती. मग सराव बदलला. पोटऱ्या, कंबर आणि पाठीचे व्यायाम, आणि घरी जॅकेट घालून नुसतं उभं राहणं. दोन सीझन गेले त्यात. पण ते दोन सीझन मी घाबरलेली नव्हते, कारण काय दुरुस्त करतेय ते ठाऊक होतं.

आता मोठ्यांची उदाहरणं, दोन्ही आमच्याच जिल्ह्यातली.

तेजस्विनी सावंत. 2006 च्या मेलबर्न राष्ट्रकुल स्पर्धेत दोन सुवर्णपदकं. 2010 ला म्युनिकमध्ये 50 मीटर प्रोन, म्हणजे झोपून मारायच्या प्रकारात, 600 पैकी 597 गुण करून जागतिक अजिंक्यपद. जगज्जेती झालेली पहिली भारतीय महिला नेमबाज. एवढं असूनही ऑलिम्पिक नाही. महिलांचा प्रोन हा प्रकारच ऑलिम्पिकमध्ये नव्हता! ज्यात ताई जगात पहिल्या, त्याला तिथे जागाच नाही. 2008 चं बीजिंग हुकलं, 2012 चं लंडन हुकलं, 2016 चं रिओ हुकलं. प्रत्येक वेळी चार वर्षांची वाट. याला मी साइट सरकलेली असणं म्हणते: ग्रुप घट्ट, पण मध्यबिंदू दुसरीकडे. मग वाट उरली 50 मीटर थ्री पोझिशनची, ज्यात गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून अशा तिन्ही अवस्थांत मारावं लागतं. 2018 ला गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत याच प्रकारात त्यांनी सुवर्ण घेतलं, 2019 च्या नोव्हेंबरमध्ये दोह्याला ऑलिम्पिकचा कोटा, म्हणजे देशासाठी तिथली एक जागा, मिळवला. त्यानंतर करोनाने टोकिओ वर्षभर पुढे ढकललं. अखेर 2021 च्या जुलैमध्ये, वयाच्या चाळिशीत, त्या पहिल्यांदा ऑलिम्पिकच्या फायरिंग लाइनवर उभ्या राहिल्या. तेहतिसाव्या आल्या. काही लोकांनी त्या तेहतीस आकड्यावर नाकं मुरडली, तेव्हा मला फार वाईट वाटलं. जगज्जेतेपद खिशात असताना आणखी अकरा वर्षं रोज सराव करत राहणं काय असतं, ते रायफल उचललेल्या माणसाला कळतं.

दुसरा स्वप्नील कुसाळे, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. प्रकार तोच, 50 मीटर थ्री पोझिशन. वडील शिक्षक. क्रीडा प्रबोधिनीतून वर आलेला पोरगा, 2015 ला मध्य रेल्वेत टीसी म्हणून लागलेला. 2022 ला कैरोच्या जागतिक स्पर्धेत चौथा आला. कोटा मिळाला, पदक नाही. 2023 ला हांगझोच्या आशियाई स्पर्धेत सांघिक सुवर्ण मिळालं, पण वैयक्तिक फायनलमध्ये आघाडीवर असताना, शेवटच्या, उभं राहून मारायच्या टप्प्यात, एक शॉट 7.6 चा पडला. त्या पातळीवर 7.6 म्हणजे काय सांगू, अंगावर काटा येतो. पुन्हा चौथा. चौथा नंबर सगळ्यात वाईट, पदकाच्या अगदी दारात जाऊन परत यायचं.

पण त्या दिवशीचा बाकीचा ग्रुप बघा. तो आघाडीवर होता तो त्याच्या बाकीच्या शॉट्समुळेच. 7.6 हा फ्लायर होता. 1 ऑगस्ट 2024 ला पॅरिस ऑलिम्पिकची फायनल, नेमबाजी शातोरूच्या रेंजवर. पात्रता फेरीत 590 गुणांनी सातवा, म्हणजे आठ जणांत शिरला एवढंच. फायनलमध्ये गुडघ्यावरच्या टप्प्यानंतर सहावा, झोपून मारल्यावर पाचवा. आणि मग उभं राहून, ज्या अवस्थेत हांगझोला घात झाला होता त्याच अवस्थेत, एकेक पायरी चढत तो तिसरा आला. 451.4 गुण, कांस्य. या प्रकारात भारताचं ऑलिम्पिकमधलं पहिलंच पदक. बँकेत त्या दुपारी आम्ही सगळे एका मोबाइलभोवती गोळा झालो होतो आणि मी काउंटरवरच्या एका आजींना उभं राहणं किती अवघड असतं ते हातवारे करून सांगत होते.

त्याच्या प्रशिक्षक दीपाली देशपांडे स्वतः 2004 ला अथेन्स ऑलिम्पिक खेळल्यात. हे मुद्दाम सांगते, कारण ग्रुप वाचायला दुसरे डोळे लागतात. स्वतःचं अपयश स्वतःला नीट दिसत नाही. फ्लायर असतो तिथे आपल्याला पाया खचल्यासारखा वाटतो, आणि पाया खचलेला असतो तिथे आपण "नशीब वाईट" म्हणून मोकळे होतो. तुमच्या क्षेत्रातला, ती वाट चालून गेलेला एक तरी माणूस शोधा आणि त्याला तुमचे शेवटचे प्रयत्न जसेच्या तसे दाखवा. मित्र नको, मित्र धीर देतात. धीर हवाच, पण त्यासाठी दुसरी वेळ आहे.

आता पैसा आणि वेळ, कारण तुमच्या प्रश्नात तेही आहे. चांगली परदेशी रायफल लाखांच्या घरात जाते. मी कित्येक वर्षं क्लबच्या रायफलवर खेळले, तीही पाळीपाळीने. त्यात बदली झाली, अशा गावी की जवळपास रेंज नाही. तेव्हा मला तगवलं ते ड्राय प्रॅक्टिसने. छर्रा न घालता, भिंतीवर काळा ठिपका चिकटवून, फक्त उभं राहायचं, नेम धरायचा, ट्रिगर दाबायचा आणि दाबल्यावरही काही क्षण तसंच थांबायचं. त्याला फॉलो थ्रू म्हणतात. खर्च शून्य. रात्री जेवणाची भांडी आवरली, मुलगी झोपली की वीस मिनिटं. कित्येक रात्री तेवढंही झालं नाही, तेव्हा पाच मिनिटं. सासूबाई दवाखान्यात होत्या त्या महिन्यात मी फक्त डोळे मिटून एक शॉट मनात पहिल्यापासून शेवटपर्यंत घ्यायची, बाकावर बसून. त्याने स्कोअर वाढला असा माझा दावा नाही. पण परतले तेव्हा परकं वाटलं नाही.

तुमच्या कामातली ड्राय प्रॅक्टिस कुठली, ते शोधा. फुकटात, घरात, दमलेल्या अंगाने होण्याजोगं, पण खऱ्या कामाचाच तुकडा असलेलं काहीतरी. त्या विषयाचे व्हिडिओ बघणं यात धरू नका. वाईट काळ आला की लोक काम बंद ठेवतात आणि "सगळं सुरळीत झालं की पुन्हा जोमाने" असं ठरवतात. सगळं सुरळीत कधी होत नाही हो. काम बंद करू नका, लहान करा.

राहिला सोडण्याचा प्रश्न. सोडणं म्हणजे पाप नव्हे. माझ्याबरोबरच्या कितीतरी मुलींनी खेळ सोडला आणि त्या सुखात आहेत. मी स्वतःला जे विचारत आले ते तुम्हीही विचारा. निकाल बाजूला ठेवला तरी ते रोजचं काम अजून आवडतं का? कागदावर कुठेतरी, कितीही हळू का होईना, सुधारणा दिसते का? आणि याची किंमत घरातलं दुसरं कुणी न बोलता मोजतंय का? पहिल्या दोहोंचं उत्तर बराच काळ "नाही" येत असेल, तर थांबायला हरकत नाही. तिसऱ्याचं "हो" असेल, तर आधी घरात बसून बोला. आमच्याकडे ठरलं ते असं: मुलीच्या शाळेच्या फीला आणि घरखर्चाला हात लावायचा नाही, स्पर्धांचा खर्च माझ्या बोनसमधून, आणि रविवारची सकाळ रेंजवर गेली तर संध्याकाळ घराची. एवढं स्पष्ट झाल्यावर "पुरे आता" हे शब्द मला पुन्हा ऐकावे लागले नाहीत. घरच्यांचा विरोध बहुतेकदा ध्येयाला नसतो, शेवट न दिसणाऱ्या खर्चाला असतो. त्यांना एक आकडा आणि एक तारीख द्या, आणि ती पाळा.

माझं पुढचं ध्येय महाराष्ट्राच्या संघात येण्याचं आहे. सध्या मुली 630 च्या वर सहज मारतात, मी तिथे नाही. पाचवी सिरीज सुधारली, सहावी अजून मार खाते.

तुमचं ध्येय नेमकं कुठलं ते तुम्ही लिहिलेलं नाही. शेवटच्या तीन प्रयत्नांत कुठे अडलं ते जमेल तेवढं तपशिलाने इथे लिहा: तारीख, काय तयारी होती, कुठल्या टप्प्यावर फसलं. तुमचं क्षेत्र मला कळेलच असं नाही, पण इथे वाचणाऱ्यांत ते कळणारं कुणीतरी असेल.