दुसरा सिनेमा मिळाला, आता दहिसरला फ्लॅट घेऊ का?

वयाने लहान आहेस म्हणून तुला ‘अरे-तुरे’ करतो. मालिकेत छोटे रोल, मग एका सिनेमात हिरोचा मित्र, आता लीड. यंदा 22 लाखांची बिलं झाली, बँकेत 17 लाख आहेत आणि दहिसरला 75 लाखांचा वन बीएचके बघून ठेवलायस, 15 लाख भरून बाकी लोन. आधी अभिनंदन! पण फ्लॅट आत्ता नको.

मुंबईत पुरुषाच्या नावावर स्टॅम्प ड्युटी 6 टक्के, म्हणजे साडेचार लाख, वर रजिस्ट्रेशनचे 30 हजार, भरायचे 15 लाख धरून जवळपास 20 लाख झाले, म्हणजे तुझे 17 लाख इथेच संपले, ब्रोकर तर मी धरलाच नाही. 60 लाखांचं लोन साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षं म्हटलं की हप्ता जवळपास 52 हजार, तो दर महिन्याला कापणार आणि तुझे पैसे येणार मालिकेत 90 दिवसांनी, सिनेमात सायनिंग, शेड्यूल, डबिंग असे तुकड्यातुकड्याने, त्यात शेवटचा तुकडा बऱ्याचदा लटकतो (म्हणून चेक आल्याशिवाय डबिंगला बसू नकोस). आणि हप्ता डोक्यावर असला की भिकार रोललाही नाही म्हणता येत नाही, मला खरी भीती त्याची आहे.

टॅक्सचं मात्र बरं आहे. कलाकारांना वर्षाला मिळालेल्या पैशांपैकी निम्मेच उत्पन्न म्हणून दाखवायची सोय आहे, म्हणजे 11 लाख, आणि नव्या रिजीममध्ये 12 लाखांपर्यंत टॅक्स नाही, तेव्हा प्रोड्यूसरने पैसे देताना आधीच कापलेला 10 टक्के टॅक्स (टीडीएस) बहुतेक परत येईल, सीएकडून एकदा बघून घे. पण 11 लाख दाखवलेस की बँकही लोन त्यावरच ठरवणार, आणि ती एका वर्षाच्या रिटर्नवर सहसा भागवत नाही, दोन-तीन मागते. जीएसटी नंबर घेतलायस का? सेवेला 20 लाखांच्या वर तो लागतोच, प्रोड्यूसरकडून 18 टक्के वेगळे घ्यायचे राहिले तर तुझ्या खिशातून जातील.

खर्च महिन्याला 45 हजार म्हणतोस ना, मग वर्षाचे साडेपाच लाख लिक्विड फंडात (हवे तेव्हा पैसे काढता येणारा म्युच्युअल फंड) टाक आणि दर एक तारखेला त्यातून स्वतःला पगार दे. हेल्थ इन्शुरन्स या आठवड्यातच काढ. बाकीचे एफडीत राहू देत, घराचं आणखी दोन रिटर्न भरल्यावर बघू. आणि तो पीआरवाला (प्रसिद्धी करून देणारा) महिन्याला ठरावीक फी, म्हणजे रिटेनर, मागतोय, त्याला रिलीज डेट पक्की होईपर्यंत थांबायला सांग.