रापणीचा थर तळाला घाल

फोंडा, रविवार

चि. बाय, अनेक आशीर्वाद.

बांगड्यांच्या लांबीचा तुझा आलेख पाहिला. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं जाळं), ट्रॉलर (जाळं फरफटत नेणारी यांत्रिक बोट), पर्सीन (थव्याला वेढा घालणारं जाळं), तीन रंग एकावर एक. दिसतो देखणा. पण रापणीत बारका बांगडा जास्त येतो हे तुझं म्हणणं, आणि रापणच तू सगळ्यांच्या डोक्यावर नेऊन ठेवलीस!

रचलेल्या हिस्टोग्राममध्ये (शाळेतला आपला आयतालेखच तो) डोळ्याला धड वाचता येतात दोनच गोष्टी: शून्यावर उभा असलेला तळाचा थर आणि सगळ्यांची मिळून उंची. गवंडी चिऱ्याची पहिली ओळ पाणसळीत बसवतो, म्हणून वरची ओळ मापता येते. इथे पहिली ओळच डोंगर-दरी. तेव्हा ज्या गटाबद्दल बोलायचंय तो तळाला घाल. आलेख काढायची आपली दोन साधनं: मॅटप्लॉटलिबमध्ये यादीतला पहिला गट तळाला बसतो, जीजीप्लॉटमध्ये पहिला गट वर चढतो. मॅटप्लॉटलिबची रंगसूची मात्र पहिल्या गटाचं नाव वर लिहिते, म्हणजे ढिगाच्या नेमकी उलट. ती फिरवून घे.

मॅटप्लॉटलिबला तिन्ही गट एकाच वेळी एका यादीत दे आणि ‘स्टॅक्ड’ (थर रचायचा पर्याय) चालू कर. मी एकदा ‘हिस्ट’ ही आज्ञा तीनदा बोलावून, रंग पारदर्शक करून आलेख काढला होता. थर रचलेच गेले नाहीत, एकमेकांवर सांडले, आणि प्रत्येकाचे वर्गही (लांबीचे टप्पे) वेगळे. भर बैठकीत एकाने विचारलं, एकूण किती? मला सांगता येईना.

आता ते दाते. तुझ्या आलेखात एक आड एक खांब उंच दिसतो, त्याला तू दोन पिढ्यांचे मासे म्हणतेस. बाय, तो मासा नव्हे, तुझी पट्टी आहे. जेटीवर तू अर्ध्या सेंटिमीटरपर्यंत मोजलंस आणि वर्ग झाले ०.७ सेंटिमीटरचे. मग एका वर्गात १६.० आणि १६.५ अशी दोन मापं पडतात, शेजारच्यात एकच. वर्गाची रुंदी मापाच्या पटीत ठेव, ०.५ किंवा १, आणि सीमा मापांच्या मधोमध: १५.२५, १६.२५, १७.२५. जीजीप्लॉट आपणहून ३० वर्ग पाडतं, मॅटप्लॉटलिब १०. दोघांनाही बांगडा ठाऊक नाही.

रंगांचं थोडक्यात. रापणीला एक ठसठशीत निळा, बाकी दोघांना करड्याच्या दोन छटा. लाल-हिरवी जोडी नको, कित्येकांना त्यातला फरक कळत नाही. खांबांना बारीक पांढरी कड दे. पारदर्शकता काढून टाक. रचलेल्या थरामागे दाखवायला काही नसतं, नुसत्या जाळीच्या रेघा आतून दिसतात.

आणखी एक शंका. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर आणि पर्सीन दोन्ही बंद असतात. त्या महिन्यांतले मासे तुझ्याकडे फक्त रापणीचे असतील, तर तू जाळ्यांची तुलना करते आहेस की महिन्यांची? ते महिने वेगळे काढून बघ. आणि रापणीचे मासे ट्रॉलरच्या मानाने फारच थोडे असतील तर रचण्याचा नादच सोड. एकाखाली एक तीन आलेख काढ, आडवा अक्ष तिघांना एकच.

दोन्ही प्रकार काढून पाठव. बुधवारी मी पणजीला येतोय, तेव्हा कागदावर छापून आण, पडद्यावर नको.

तुझा,
सर