वर्षाच्या आत नाकाला हात नाही

प्रिय मुली,

काल रात्री साडेअकरानंतर तुझे 14 फोटो आले. समोरून, दोन्ही बाजूंनी, खालून, बाथरूमच्या दिव्यात, खिडकीच्या उजेडात. आणि शेवटी एक ओळ : "ताई, नाकाच्या दुसऱ्या ऑपरेशनला दिवाळीनंतरची तारीख मिळतेय, आगाऊ दहा हजार भरलेत, करून टाकू ना?"

नाही. करून टाकायचं नाही.

तुझं पहिलं ऑपरेशन जूनच्या दुसऱ्या आठवड्यात झालं. आता ऑक्टोबर सरत आलाय. साडेचार महिने झालेत फक्त. वर्षाच्या आत नाकाला हात नाही. मला तुला एवढंच सांगायचंय, आणि ते मी या पत्रात पुन्हा पुन्हा सांगणार आहे.

"तू आहेस तशीच छान आहेस" हे मी लिहिणार नाही. आपण दोघी रंगभूषा करणाऱ्या, चेहऱ्यावर पोट भरणाऱ्या. रंगमंचावर बाराव्या रांगेतल्या माणसाला चेहऱ्यातलं काय दिसतं, काय दिसत नाही, हे तू माझ्याच शेजारी उभी राहून शिकलीस. नाक बदलावंसं वाटलं यात तुझं काही चुकलं नाही. बदललं आणि मनासारखं झालं नाही म्हणून रडू येतं, तेही मला समजतं. तुझी घाई तेवढी मला मान्य नाही.

फोटो मी सगळे पाहिले, मोठे करून. शेंड्याच्या जरा वर दांडा फुगलेला दिसतोय, त्यामुळे शेंडा खाली वाकल्यासारखा वाटतो. डॉक्टर याला पॉलीबीक म्हणतात, म्हणजे पोपटाची चोच. हे नाव मला पाठ आहे, कारण 1994 साली माझ्या नाकाचं नेमकं हेच झालं होतं.

आता नीट वाच. हा फुगवटा दोन कारणांनी येतो. एक, तिथली कूर्चा, म्हणजे मऊ हाड, पुरेशी काढलेली नसते, किंवा शेंड्याचा आधार सुटून शेंडाच खाली बसलेला असतो. दुसरं, आत सगळं ठीक असतं, पण वरच्या कातडीखाली सूज आणि व्रणाचा जाड थर साचलेला असतो. पहिल्याला ऑपरेशन लागतं. दुसऱ्याला कधी रात्री चिकटपट्टी लावणं पुरतं, कधी सर्जन स्टेरॉइडचं अगदी थेंबभर इंजेक्शन देतो, आणि बरेचदा नुसता वेळ पुरतो. साडेचार महिन्यांना बाहेरून ही दोन्ही सारखीच दिसतात. तुझी कातडी जाड आहे, आपल्याकडे पुष्कळांची असते. पातळ कातडीच्या नाकाला अंतिम आकार यायला वर्ष लागतं, जाड कातडीला दीड ते दोन वर्षंही लागू शकतात, आणि सूज सगळ्यात शेवटी उतरते ती शेंड्याची. तू ज्या आकाराला कंटाळलीयस तो अजून तुझ्या नाकाचा आकारच नाही. वर्षाच्या आत नाकाला हात नाही तो यासाठी.

आणखी एक. यातले नऊ फोटो तू फोन तोंडाशी धरून, जेमतेम फूटभरावरून काढलेत. इतक्या जवळून नाकपुड्यांपाशी नाक पाच फुटांवरून दिसतं त्यापेक्षा सुमारे 30 टक्के रुंद दिसतं. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी 2018 साली हे गणिताने मांडून दाखवलं, पण तुला अमेरिका कशाला हवी? खालून उजेड टाकला की कुठलंही नाक राक्षसाचं होतं, हे तू स्वतः बालनाट्यात करून पाहिलंयस. दुसऱ्याच्या चेहऱ्यावर जे ज्ञान वापरतेस ते स्वतःच्या चेहऱ्यापाशी आल्यावर कुठे जातं?

रागावू नकोस. मीही अशीच होते.

माझ्या दांड्यावर उंचवटा होता. लहानपणी वाड्याच्या दगडी पायऱ्यांवरून पडले त्याचा. मला नट्यांच्या रांगेत उभं राहायचं होतं, आणि एका दिग्दर्शकाने तालमीत सगळ्यांसमोर सांगितलं की बाजूने हिचं नाक हिच्या आधी प्रवेश करतं. 26 वर्षांची होते. साठवलेले पैसे काढले आणि ऑपरेशन करून घेतलं. त्या पहिल्या ऑपरेशनचा मला आजही पश्चात्ताप नाही. उंचवटा गेला, तो जायलाच हवा होता. पण शेंड्यावरचा फुगवटा राहिला. सातव्या महिन्यात मी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाले, छोटासा टच-अप.

हा शब्द मला अजून झोंबतो. टच-अप आपल्या धंद्यातला शब्द आहे. विंगेत पफ घेऊन, घामावर, दोन प्रवेशांच्या मधे जे करतो ते टच-अप. भूल देऊन, कातडी उचलून जे करतात ते ऑपरेशन. पहिल्यापेक्षा अवघड ऑपरेशन, कारण आत सगळीकडे व्रण धरलेला असतो, थर एकमेकांना चिकटलेले असतात आणि भर घालायला सामान कमी उरलेलं असतं. तुला त्या दवाखान्यात हाच शब्द वापरला ना? तुझ्या मेसेजमध्ये तो दोनदा आलाय.

माझा फुगवटा बहुतेक सुजेचा होता. तो कूर्चा समजून आणखी कूर्चा काढली गेली. सूज पुढच्या वर्षी उतरली, आणि खाली आधार न राहिल्याने नाक दोन्ही बाजूंनी चिमटलं. जोरात श्वास घेतला की नाकपुड्यांच्या भिंती आत ओढल्या जायच्या आणि वाट बंद. दिवसा तोंडाने भागायचं, पण रात्रभर तोंड उघडं ठेवून झोपलं की सकाळी घसा कोरडा ठणठणीत. दौऱ्यात सलग चार प्रयोग असले की तिसऱ्याला आवाज बसायचा. ज्या नाकामुळे काम मिळत नव्हतं ते दुरुस्त करायला गेले, आणि काम मिळाल्यावर ते पेलायला आवाज उरला नाही.

लोक म्हणतात, म्हणून ही रंगभूषेत आली. तसं नाही. हे मी तुला आज लिहून देते, कारण तूही कोणाकडून तरी ऐकलं असशील. रंगभूषा मला आधीपासून येत होती आणि आवडत होती. शिवाजी मंदिरच्या मेकअप रूममध्ये ज्यांच्या हाताखाली बसले त्यांनी मला निवडलं, दया म्हणून ठेवलं नव्हतं. नाकाने माझं अभिनयाचं दार बंद केलं हे खरं. दुसरं दार मात्र माझं मीच उघडलं.

आणि 18 वर्षं मी तिसरं ऑपरेशन टाळलं, यावर घरचे आजही बोलतात. भित्री, हट्टी. हट्टी होते. दुसऱ्यांदा घाईने हात पोळला होता, तिसऱ्यांदा कोणी घाई केली असती तर मी त्याच्या अंगावर धावून गेले असते. 2013 साली नाकात आधार भरायला सातव्या बरगडीची कूर्चा काढावी लागली, कारण नाकाच्या मधल्या पडद्यातली आधीच वापरलेली होती, आणि कानाची मऊ आणि वाकडी, ती एवढा भार घेत नाही. पंचेचाळिशीत बरगडीची कूर्चाही कडक व्हायला लागते, कोरायला त्रास देते. पुढे वाकडी होण्याची भीती असते ती वेगळीच. सर्जननी हे सगळं आधी सांगितलं. बरगडीपाशी फुप्फुसाच्या आवरणाला छिद्र पडू शकतं हेही सांगितलं, आणि मला तीनदा विचारून घेतलं. पाच तास लागले. पंधरा दिवस हसताना छाती दुखली. श्वास परत आला, उजवीकडून पूर्ण, डावीकडून बराचसा. तेव्हाही घरचे म्हणाले, एवढी वर्षं उगाच काढलीस. मी म्हणते, थोडी उगाच, सगळी नाही. थांबण्यात माझं चुकलं असेल तर पाच-सात वर्षं चुकलं. घाईत जे चुकलं ते कायमचं चुकलं.

तुझ्या बरगड्यांपर्यंत हे जाऊ नये असं मला वाटतं. म्हणून पुन्हा : वर्षाच्या आत नाकाला हात नाही.

तुला कावसजीची गोष्ट मी वर्गात सांगितली होती, मेणाचं नाक शिकवताना. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा मराठी शेतकरी. 1792 च्या लढाईत टिपूच्या माणसांच्या हाती सापडला, त्यांनी त्याचं नाक आणि एक हात कापला. पुण्याजवळच्या एका कुंभाराने, कोणी वीटकर म्हणतात, त्याला कपाळाच्या कातडीचं नवं नाक करून दिलं आणि ती हकीकत ऑक्टोबर 1794 मध्ये लंडनच्या जंटलमन्स मॅगझिनमध्ये छापून आली. ती वाचून तिथल्या कार्प्यू नावाच्या सर्जनने 1814 मध्ये तसंच ऑपरेशन केलं. वर्गात तुम्ही सगळ्यांनी त्या मेणावर प्रश्न विचारले, कारण त्या कारागिराने आधी मेणाचं नाक करून चेहऱ्यावर बसवून पाहिलं, मग ते सपाट करून कपाळावर ठेवलं आणि त्याभोवती रेघ मारली. आज मला त्यातल्या दुसऱ्या दोन गोष्टी तुला दाखवायच्यात. एक, तो माणूस वर्षाहून जास्त काळ नाकाशिवाय राहिला होता. नाकाशिवाय! तुला फुगवट्यासकट सात महिने काढायचेत. आणि दुसरी, दहाव्या दिवशी नव्या नाकपुड्यांत मऊ कापडाचे बोळे घातले, त्या उघड्या राहाव्यात म्हणून. कपाळाची कातडी खाली आणून नाक करणाऱ्या त्या माणसालाही श्वासाच्या वाटेची काळजी होती. तुझ्या 14 फोटोंखाली तुला श्वास कसा येतो याबद्दल एक शब्द नाही.

तेव्हा ते आधी बघ. आरशासमोर नको, अंथरुणावर पडून. एक नाकपुडी बंद करून दुसरीने जोरात श्वास घे, मग उलट. नंतर नाकाशेजारचा गाल बोटाने हलकेच बाहेर ओढून परत घे. ओढल्यावर एकदम मोकळं वाटलं तर नाकातली झडप, म्हणजे श्वासाच्या वाटेतली सगळ्यात चिंचोळी जागा, आणखी अरुंद झाली असण्याची शक्यता आहे, आणि ते कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीने पाहायला हवं. तेवढ्यासाठी वर्ष थांबायचं नाही, या आठवड्यात जा. दाखवणं वेगळं आणि कापणं वेगळं. ताप, पू, नाकातून दुर्गंधी, थांबत नसलेलं रक्त, एकाएकी वाढलेली सूज, यातलं काही दिसलं तर कशाचीही वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं.

मग पहिल्या दवाखान्यातून कागद आण. डिस्चार्ज कार्ड नव्हे, ऑपरेशनचं टिपण : काय काढलं, काय ठेवलं, पडद्यातली कूर्चा किती घेतली, काय कुठे शिवलं. तिथे परत पाय ठेवावासा वाटत नाही, माहितीय. तरी जा, नाहीतर भावाला पाठव. वैद्यक परिषदेच्या 2002 च्या नियमांप्रमाणे पेशंटने मागितल्यावर 72 तासांत कागद द्यावे लागतात आणि तीन वर्षंच जपून ठेवण्याचं बंधन आहे. माझ्या तिसऱ्या सर्जनच्या हातात आधीच्या दोन ऑपरेशनांचा एक कागद नव्हता. उघडल्यावर काय सापडेल ते बघू, असं म्हणत ते आत गेले.

वर्ष झाल्यावर दोघा-तिघा सर्जनना दाखव. प्लास्टिक सर्जरीत एमसीएच ही पदवी घेतलेला असो की कान-नाक-घशाचा, मला फरक पडत नाही, पण आधी बिघडलेली नाकं दुरुस्त करण्याचा सराव असलेला हवा. तपासणीची फी द्यायची, आगाऊ एक पैसाही नाही. जो नाकाच्या आत न बघता तारीख देतो त्याच्याकडून उठायचं. जो म्हणेल "अजून सहा महिने थांबा", त्याच्यावर चिडू नकोस, त्याचा नंबर जपून ठेव.

आणि एक गोष्ट लिहावी की नाही असं झालं होतं, लिहिते. तीन आठवडे तू तालमीला आलेली नाहीस. पोरं सांगतात, फोनच्या काळ्या काचेतही नाक बघत असतेस. हे नाकाच्या डॉक्टरांचं काम नाही. मानसोपचाराच्या डॉक्टरांना भेट, एकदा तरी. मी गेले नाही. घरातले आरसे वर्तमानपत्राने झाकून वर्ष काढलं आणि त्याला निर्धार म्हणत राहिले. तेव्हा कोणी हाताला धरून नेलं असतं तर सातव्या महिन्यात मी त्या टेबलावर गेलेच नसते असं मला आज वाटतं. तुला एकटीने जायचं नसेल तर मी येते, बाहेर बाकावर बसते.

उद्या सकाळी दवाखाना उघडला की फोन कर आणि तारीख रद्द कर. दहा हजारांतले किती परत देतात ते विचार. नाही दिले तरी रद्द कर. मग शनिवारी चारला तालमीच्या हॉलवर ये. दाराजवळच्या भिंतीपाशी तुला उभी करते, पाच फुटांवर खडूने रेघ मारते, तोच दिवा, तोच कॅमेरा, आणि पुढचे सात महिने दर महिन्याच्या दहा तारखेला एक फोटो काढते. तोपर्यंत फोनवरचे ते 14 पुसून टाक. माझ्याकडचे मी पुसलेत.

तुझी,
ताई