पुठ्ठ्याच्या घराला कौलारू छप्पर कसं करायचं? प्रिंटेड कागद चिकटवला तर चालेल का?

नाही चालणार. मुलीला शाळेत 'कोकणातलं घर' न्यायचंय आणि घरात टीव्हीचा खोका पडलाय असं तुम्हीच लिहिलंय, मग खोका असताना कागद विकत कशाला आणायचा? आता बाकीचे सगळे तुम्हाला सांगतील की खोक्याचा वरचा कागद सोला, आतली नागमोडी बाजू अख्खी वर ठेवा आणि लाल रंग मारा, झालं. ते कौलारू नाही होत हो, ती पत्र्याची शेड होते.

एवढं तावातावाने लिहितेय कारण यावरून आमच्या घरात भांडण झालंय आणि ते मिटलेलं नाहीये.

माझं माहेर कुडाळकडचं, चौपाखी घर, मे महिना आला की कौलं चाळायला गडी यायचे आणि आम्ही पोरं खालून एकेक कौल वर द्यायचो, त्यामुळे कुठलं कौल कुठे बसतं ते मला कोणी शिकवायला नको. (आता तिथेही वानरांना कंटाळून लोक पत्रे घालतायत, तो विषय वेगळा.) सासर डोंबिवलीचं. धाकटे दीर इंटिरियरची कामं घेतात म्हणून गणपतीच्या देखाव्यात शेवटचा शब्द त्यांचा. एका वर्षी ठरलं कोकणातलं घर करायचं, मी खूश. तर भावजींनी पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापल्या आणि आढ्यापासून, म्हणजे छपराच्या सगळ्यात वरच्या कडेपासून, खाली चिकटवत आणल्या! म्हणजे खालची प्रत्येक ओळ वरच्या ओळीच्या अंगावर चढलेली. मी म्हटलं, भावजी, कौलं वळचणीपासून, म्हणजे छपराच्या खालच्या कडेपासून, वर चढवत नेतात, वरच्या ओळीने खालचीला झाकायचं असतं, नाहीतर पाणी सगळं आत. तर म्हणतात, "वहिनी, पुठ्ठ्याच्या घरावर कुठे पाऊस पडतोय?" सगळे हसले, सासूबाईसुद्धा.

मग मी रात्री बसून त्याच देखाव्यातल्या गोठ्याचं छप्पर माझ्या पद्धतीने केलं, दोन्ही छपरांना वॉर्निश मारलं आणि विसर्जन झाल्यावर बाल्कनीत सगळ्यांसमोर दोन्हींवर मगभर पाणी ओतलं. त्यांच्या छपरात प्रत्येक सांध्यातून पाणी आत, माझ्या छपरावरून सरळ पागोळ्या. थोड्या वेळाने माझाही पुठ्ठा फुगला ते खरं, आणि भावजी तेवढंच धरून बसलेत, "दोन्ही भिजली ना, मग फरक काय?" फरक काय म्हणे!

असो, तुमचं घर. तीन पदरी खोका घ्या (दोन सपाट कागद आणि मध्ये एकच नागमोडी थर), पाच पदरी सोलताना हाल होतात. एका बाजूचा कागद ओल्या फडक्याने भिजवा, जरा थांबा, मग सोला आणि पूर्ण वाळू द्या, ओल्यावर कटर चालवलात तर लाटा चेपतात. माप असं, की मंगलोरी कौल साधारण ४१ सेमी लांब आणि साडेतेवीस सेमी रुंद असतं, घर १:३० मापात केलंत तर ते जेमतेम १४ बाय ८ मिमी होतं, आणि नेहमीच्या खोक्याची एक लाटही साधारण ७-८ मिमीचीच असते, म्हणजे एक लाट एक कौल, आयतंच. लाटांना आडव्या १४ मिमीच्या पट्ट्या कापा, लाटा आढ्याकडून वळचणीकडे उतरल्या पाहिजेत. प्रत्येक ओळ खालचीवर ३ मिमी चढवा. पहिल्या ओळीखाली वळचणीला पुठ्ठ्याची एक बारीक पट्टी चिकटवा, नाहीतर ती ओळ बाकीच्यांपेक्षा जास्त खाली झुकते आणि का विचित्र दिसतंय ते कळत नाही.

उतार छान पडू दे. घराची अर्धी रुंदी १० सेमी असेल तर आढं भिंतीपेक्षा ६-७ सेमी वर हवं. भावजींनी प्रपोर्शनच्या नावाखाली तीनवर आणलं होतं, बंगल्याची गच्ची वाटत होती. आढ्यावरचे कोने, म्हणजे दोन उतारांचा सांधा झाकणारी गोल कौलं, पेन्सिलवर कागद गुंडाळून अर्धे कापून करा. आणि एखादं काचेचं कौल नक्की घाला, पारदर्शक फाईलचा तुकडा पुरतो, आत बल्ब लावला की माजघर उजळतं. रंगात गेरू, थोडा तपकिरी, मध्येमध्ये काळपट, एकसारखा भगवा अजिबात नको.

आणखी एक, हे तुम्ही विचारलं नाहीये. दिवाळीच्या किल्ल्यावर हीच मंगलोरी कौलं लावू नका. ही कौलं काढणारा बासेल मिशन या युरोपियन मिशनरी संस्थेचा मंगळूरचा कारखाना १८६५ चा, शिवाजी महाराजांच्या वाड्यावर ती कौलं येणार कुठून? तिथे नळ्यांची कौलं हवीत, कुंभार चाकावर नळी काढून उभी चिरून दोन करायचा ती. कागदाच्या बारीक नळ्या करून उभ्या कापा, वेळखाऊ आहे पण दिसतं देखणं. हे मी सोसायटीच्या किल्ला स्पर्धेत परीक्षकांना सांगितलं तर ते नुसते मान हलवत पुढे गेले.

हां, फेविकॉल पातळ करून मारलात तर पुठ्ठा वाकतो, आतून आडवा टेकू द्या आणि रंग दोन्ही बाजूंनी मारा. मुलगी लहान असेल तर कटर तुम्ही चालवा, चिकटवायचं काम तिला द्या. आणि उद्याच द्यायचं असेल तर लावा तो प्रिंटेड कागद, पण निदान त्याच्या पट्ट्या कापून वळचणीपासून वर लावा. कोणी विचारलंच की पुठ्ठ्याच्या घरावर कुठे पाऊस पडतो, तर त्याला म्हणावं मग छप्पर तरी कशाला घालायचं.